चार ट्रॅकवरची कानबाईची गाणी: जुना पोर्टास्टुडिओ पुन्हा चालू करताना

आमच्या आप्पांनी १९९० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याजवळच्या गावी कानबाईची (ही खान्देशातली देवी) आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी रेकॉर्ड करून ठेवली, ती टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओवर. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेणारं आणि ते एकत्र करणारा मिक्सर अंगातच असलेलं हे यंत्र पहिल्यांदा बाजारात आलं १९७९ साली. आप्पांची मांडणी ठरलेली: पहिल्या ट्रॅकवर ढोलकी, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर मोठी माय, म्हणजे आमची काकू, आणि चौथ्यावर झील धरणाऱ्या, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्या बायका. त्यातून त्यांनी काढलेली मिक्स कॅसेट नात्यागोत्यात खूप फिरली. पण तिच्यात ढोलकी इतकी वर आहे की पहिल्या कडव्यानंतर शब्द कळतच नाहीत. मोठी माय गेली आणि ती गाणी अख्खी येणारं घरात कुणी राहिलं नाही. शब्द हवे असतील तर मूळ चार ट्रॅकच्या कॅसेट आणि ते यंत्र, एवढाच मार्ग उरला होता.

कॅसेट ओळखणं सोपं गेलं. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली की आवाज निम्म्या वेगाने, जड आणि खर्जात येतो आणि बाजू उलटली की उरलेले दोन ट्रॅक उलटे वाजतात. कारण पोर्टास्टुडिओ टेपची पूर्ण रुंदी एकाच दिशेने वापरतो आणि वेगही दुप्पट ठेवतो, सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं मावतात. खान्देशात कुणाच्या माळ्यावर अशी ‘बिघडलेली’ वाटणारी कॅसेट असेल तर ती कृपया टाकू नका.

उन्हाचा फरक इथे डोळ्यांनी दिसला. धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात राहिलेल्या कॅसेट चांगल्या निघाल्या. पत्र्याच्या खोलीतल्यांनी मात्र आमच्याकडचे मे महिने सोसले होते: टेपला हेडवर (टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर) दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी डिंक सुटून खाली पडलेली, एकदोन कव्हरं वाकलेली. टेप स्वतः धड होती. पाच स्क्रूवाली नवी कॅसेट उघडायची, तिची टेप काढायची आणि जुन्या टेपची दोन्ही चाकं अलगद उचलून तिच्यात बसवायची. टेप दोन्ही बाजूंच्या रोलरवरून आणि गादीच्या पुढून गेली पाहिजे. शिवाय दोन्ही बाजूंचे गुळगुळीत पातळ कागद आत राहिलेच पाहिजेत, नाहीतर चाकं घासतात. हे काम पंखा बंद करून, पांढऱ्या चादरीवर करावं.

यंत्राला वीज देण्याआधी ते उघडलं. टेप ओढणाऱ्या दांडीचा, म्हणजे कॅप्स्टनचा, पट्टा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता. तो इयरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने कणाकणाने काढला. सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन आणि पाणी असतं. नवा पट्टा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. टेपला कॅप्स्टनवर दाबणाऱ्या चाकाचं, म्हणजे पिंच रोलरचं, रबर कडक आणि चकचकीत झालं होतं, तेही बदललं. जुन्या रोलरवर टेप तिरकी सरकते आणि दुमडते, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. मग हेड, कॅप्स्टनची दांडी आणि गाइड पुसले. बडवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत पुसत राहिलो. हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर फिरवताना यंत्र बंद हवं, कॅसेट दुसऱ्या खोलीत हवी आणि काम झाल्यावर तो हेडपासून हात लांब करून सावकाश दूर नेल्यावरच बंद करावा. जवळ असताना बंद केला तर हेडमध्ये चुंबकत्व राहून जातं.

एवढी निगा लागते, कारण या यंत्रात डीबीएक्स ही खरखर कमी करणारी व्यवस्था आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी ते आवाजाची चढउतार निम्म्यावर दाबतं आणि वाजवताना दुप्पट उघडतं. टेपची खरखर त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते. पण हेडवरच्या मळामुळे पातळी तीन डेसिबलने घसरली, तर उघडताना ती सहाने घसरते. आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली व्हायला लागला की पुष्कळ लोक टेप गेली म्हणतात. माझ्या मते आधी हेड बघावं.

हेडशेजारच्या अ‍ॅझिमुथच्या, म्हणजे हेडचा तिरकेपणा ठरवणाऱ्या, स्क्रूला हात लावायचा का, यावर मी बराच थांबलो. प्रमाण टेप (तपासणीसाठी भरलेली टेप) लावून हेड सरळ करणं हा पुस्तकी मार्ग. पण आमच्या कॅसेट याच यंत्रावर, याच तिरकसपणात भरलेल्या. तेव्हा टेप सांगेल तसं हेड ठेवायचं ठरवलं. स्क्रूच्या मूळ जागी नेलपॉलिशची खूण केली आणि झीलच्या ट्रॅकवरची झांज ऐकत किंचित फिरवून पाहिलं. झांज सगळ्यात लखलखीत खुणेपाशीच होती. तिथेच राहू दिलं.

वेगासाठी आधार मिळाला तो पेटीचा. तीच पेटी अजून घरात आहे. ट्रॅक दोन एकटा लावून तिच्यावर काळी चार दाबली आणि यंत्राचा वेग कमीजास्त करणारा पिच कंट्रोल जुळवला. टेपवर आलेला विजेचा हम ५० हर्ट्झला आहे का हेही बघता येतं, पण त्या काळी लाइनची फ्रिक्वेन्सीच हलायची, म्हणून मी पेटीवर जास्त विसंबलो.

मिक्सरच्या भागाला फार वेळ लागला नाही. फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) आणि कंट्रोलची खरखर वंगण असलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये तो विचारून मिळतो. फवारा थोडाच मारायचा आणि फेडर वरखाली भरपूर फिरवायचा.

कॉम्प्युटरवर घेताना चारही ट्रॅक एकदमच घ्या. दोन इनपुटच्या इंटरफेसवर (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीवर) दोन वेळा घेतलं तर टेप दोन्ही वेळा तंतोतंत त्याच वेगाने धावत नाही आणि ढोलकी-गाणं एकमेकांपासून सरकत जातं. मित्राचा चार इनपुटचा इंटरफेस आणला, चार टेप आउट सरळ त्यात दिले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका कॅसेटचे चार ट्रॅक मिळून साधारण ५०० एमबी होतात.

मग ट्रॅक तीन एकटा लावला. चारही ट्रॅक गावातल्या एकाच ओसरीवर घेतलेले, त्यामुळे मागे ढोलकी आहेच, पण लांब. पुढे मोठी मायचा स्वच्छ आवाज. दोन कडव्यांच्या मध्ये ती झीलवाल्यांना पुढची ओळ हळूच सांगते, तीही ऐकू येते. मिक्स कॅसेटमध्ये तो फेडर तिथे खाली घेतलेला होता. माझ्या चुलतबहिणीने कानाला हेडफोन लावला आणि अहिराणीत म्हणाली, ‘‘हाऊ मन्ही मायना आवाज शे.’’ (हा माझ्या आईचा आवाज आहे.) मग तीच वही घेऊन बसली.

रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या सणाच्या, गाण्याची सगळी कडवी आता लिहून झाली आहेत. आखाजीच्या गाण्यांत काही शब्दांवर गावातल्या म्हाताऱ्या बायकांचं अजून एकमत नाही, त्यांना तो ट्रॅक पुन्हा ऐकवायचा आहे. पांढरी बुरशी धरलेल्या कॅसेट मी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या बाकीच्यांच्या नंतर लावणार, म्हणजे बुरशी हेडवरून चांगल्या टेपवर जाणार नाही.