संसर्गाचा मार्ग ठरवताना: प्रयोगशाळेतील माझा अनुभव

उंदरांना इन्फ्लुएन्झाचा संसर्ग देण्याचा प्रस्ताव मी पुण्यातील आमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे मांडला, तेव्हा विषाणूच्या वाणापेक्षा अधिक चर्चा झाली ती तो शरीरात कोणत्या वाटेने जाणार यावर. नुसते ‘नाकावाटे’ एवढे लिहून भागणार नाही. किती मायक्रोलिटर आणि भूल देऊन की शुद्धीत, हे ‘फॉर्म बी’मध्ये, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगी-अर्जात, कारणांसह लिहा, असे समितीतील पशुवैद्यांनी सांगितले. ही मागणी मला अगदी रास्त वाटली.

कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. अमेरिकेतील मोंटाना येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळेने 2021 मध्ये सीरियन हॅमस्टरवर केलेल्या अभ्यासात कोरोना विषाणू हवेतील सूक्ष्म कणांतून दिला असता आजार अधिक तीव्र झाला, तर दूषित वस्तूच्या स्पर्शातून झालेला संसर्ग सौम्य राहिला. त्याहून विचार करायला लावणारे काम मिलानमधले आहे. के18 या जातीच्या उंदरांच्या पेशींवर विषाणू ज्याला चिकटून आत शिरतो तो मानवी ग्राही (रिसेप्टर) असतो; त्यांच्या नाकात या विषाणूचे थेंब टाकले की तो मेंदूपर्यंत पोहोचून ते दगावतात. तोच विषाणू फवाऱ्यातून श्वासावाटे दिला तेव्हा श्वसनमार्गात संसर्ग झाला, पण मेंदूचा जीवघेणा संसर्ग टळला. म्हणजे त्या मृत्यूंना फुप्फुसाचा आजार समजून एखाद्या औषधाची परीक्षा घेतली, तर निष्कर्षच चुकीच्या अवयवाबद्दल निघेल.

विषाणू हाती घेण्यापूर्वी मी थेंब नेमका कुठे जातो हे एव्हन्स ब्लू या निळ्या रंगाने तपासले. उंदीर नाकानेच श्वास घेतो. आयसोफ्लुरेनची भूल चढल्यावर त्याला उताणा धरून पिपेटच्या टोकाशी लहानसा थेंब नाकपुडीला टेकवायचा आणि थांबायचे. श्वासाबरोबर तो आत ओढला गेला की मगच पुढचा. घाई केली तर नाकपुडीवर बुडबुडा येतो आणि द्रव बाहेर सांडतो. असे 50 मायक्रोलिटर दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांवर निळे डाग स्पष्ट दिसले, तर शुद्धीत 10 मायक्रोलिटर दिलेल्यांमध्ये रंग बहुतांशी नाकातच राहिला आणि थोडा गिळला गेला.

पुढे उंदरांना सरावलेल्या पीआर8 या इन्फ्लुएन्झाच्या वाणाने, याच दोन पद्धतींनी, दोन गट संसर्गित केले. एकूण मात्रा सारखी राहावी म्हणून लहान आकारमानासाठी द्रावण पाचपट संहत ठेवावे लागले, आणि संसर्गानंतर उरलेले द्रावण प्रयोगशाळेत वाढवलेल्या एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी) लावून, प्लाक म्हणजे विषाणूने पेशी मारल्यावर पडणारे ठिपके मोजून, दोन्ही गटांना खरोखरच तेवढाच विषाणू मिळाल्याची खात्री करावी लागली. ही खात्री नसती तर पुढच्या तुलनेला काही अर्थ उरला नसता. भुलीतील गटाचे वजन झपाट्याने उतरले, केस विस्कटले, उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसू लागले. ठरलेल्या मर्यादेखाली वजन गेलेल्या प्रत्येकाला वेळेवर वेदनारहित मृत्यू देणे ही माझी जबाबदारी होती आणि ती मी इतर कोणावर सोपवली नाही. शुद्धीतील गट मात्र त्याच दिवसांत खातपीत, हिंडत होता, जरी त्याच्या नाकात विषाणू भरपूर वाढत होता.

आमचा पुढचा प्रश्न नाकावाटे देण्याच्या लशीचा आहे. अशा लशीचे काम नाकातच विषाणूला अडवण्याचे. त्यामुळे भुलीतील मोठा थेंब थेट फुप्फुसात उतरवून तिची परीक्षा घेणे मला अन्यायाचे वाटते, तर केवळ लहान थेंबावर विसंबले तर गंभीर आजारापासून ती किती वाचवते हे कळणार नाही. म्हणून नव्या अर्जात मी दोन्ही मार्ग मागितले आहेत, आणि प्रत्येक मार्गासाठी प्राण्यांची संख्या व त्यामागचे कारण वेगवेगळे लिहिले आहे.