आमची वाटचाल : बिनवायरचे दिवे, सोलापूर

वडिलांचं सात रस्त्याजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान. 2017 मध्ये मी तिथं वायफायचे बल्ब आणून मांडले, तर म्हणाले, "लोकांना बटण दाबायचाही कंटाळा आलाय का?" मुहूर्ताचा बल्ब त्यांच्याच टेस्टरनं तपासून लावला. तो टेस्टर अजून माझ्या खिशात असतो.

पुढच्याच वर्षी होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयाचं 44 दिव्यांचं काम मिळालं. पहिलंच लग्न, मंगलाष्टकं रंगात आली आणि "सावधान" म्हणताच अख्खा हॉल लालभडक. मग निळा, मग अंधार. अक्षता लोकांनी मोबाईलच्या उजेडात टाकल्या! चूक आमची होती, नाकारत नाही. हबचा, म्हणजे सगळे दिवे चालवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवलेला, आणि पाहुण्यांच्या वायफायवरच हब जोडलेला. त्या वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला. पण त्या पंगतीत आमच्याच धंद्यातला एक जण जेवत होता. नाव घेत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचं कोटेशन कार्यालयात कसं पोचलं, एवढंच विचारतो.

बिल अडकलं, कामावरची दोन पोरं सोडून गेली. तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या अण्णांनी बोलावलं. "चूक तुमची होती का?" म्हटलं, होती. "मग आमच्याकडं करू नका म्हणजे झालं," म्हणून अ‍ॅडव्हान्स हातावर ठेवला.

तिथं झिगबी 3.0 बसवलं. यात दिवे वायफायवर नसतात, आपल्या वेगळ्या रेडिओवर एक दिवा पुढच्याला निरोप देतो. ऑफिसचं वायफाय 1, 6, 11 नंबरच्या चॅनेलवर, त्याच्याशी टक्कर नको म्हणून दिवे झिगबीच्या 25 नंबरच्या चॅनेलवर. प्रत्येक दिव्याला हबशी जोडताना लागणारा इन्स्टॉल कोड, 36 अक्षरांचा, स्टिकरवर छापलेला. एकदा का दिवा पत्र्याखाली गेला आणि त्यावर रुई बसली, की स्टिकर वाचता येत नाही. म्हणून शिडी चढण्याआधी पोरगा स्टिकरचा फोटो काढून वहीत डकवतो, शेजारी मागाचा नंबर. ती वही कपाटात, कुलुपात.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नवीन घर बांधताय? स्विचच्या डब्यात न्यूट्रलची वायरही ओढून घ्या, नंतर भिंत फोडायला आम्हीच येतो. दिव्यांना वायफाय वेगळं ठेवा. टचलिंक, म्हणजे झिगबीचा दिवा जवळ धरून जोडायची सोय, बंद करा; त्याची गुप्त किल्ली 2015 मध्येच फुटली आहे.

गेल्या आषाढात त्याच कार्यालयाचा फोन. त्या कोटेशनवाल्यानं बसवलेले मागच्या बाजूचे दिवे हबला सापडेनात. गेलो. कुणीतरी मधल्या रांगेची भिंतीवरची बटणं बंद केलेली. मधले दिवे बंद, तर मागच्यांना निरोप पोचवणार कोण? पाच मिनिटांचं काम. बिलात 2018 ची बाकीही धरली.

अजून आली नाही.