तुम्ही विचारलंत म्हणून : चाकं वर की खाली?

‘टेल्स ऑफ द गोल्ड मंकी’ ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९८२ मध्ये सुरू झाली आणि एकच हंगाम करून १९८३ च्या जूनमध्ये संपली. काळ १९३८ चा. दक्षिण प्रशांत महासागरातलं बोरागोरा नावाचं काल्पनिक बेट, तिथला वैमानिक जेक कटर, त्याचा दारुडा पण हाताचा पक्का मेकॅनिक कॉर्की, आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेला जॅक नावाचा कुत्रा, जो ‘नाही’साठी एकदा आणि ‘हो’साठी दोनदा भुंकतो. मालिकेचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला : ते विमान खरं होतं का, आणि ते इतक्या सहज पाण्यावर कसं उतरायचं?

विमान खरं होतं. ग्रमन कंपनीचं ‘गूस’, म्हणून मालिकेतलं त्याचं नाव ‘कटर्स गूस’. मालिकेचा खरा नायक तेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सहज मात्र त्यात काहीच नाही.

गूसचं पहिलं उड्डाण २९ मे १९३७ रोजी झालं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या धनिकांना शहरात ये-जा करायला असं विमान हवं होतं, आणि त्यांच्यासाठीच ते बनवलं गेलं. १९४५ पर्यंत एकूण ३४५ नग तयार झाले. पंखांचा पसारा ४९ फूट, पूर्ण भारासह वजन ८,००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून थोडं जास्त. विमानाचं पोट हीच नाव. पंखांच्या टोकांना एकेक छोटा फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा, पण तो विमान तोलण्यापुरता. भार सगळा पोटावर. त्याशिवाय जमिनीवर उतरण्यासाठी चाकं, जी पोटाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत आत घेता येतात. मूळ रचनेत हे काम हाताने हँडल फिरवून करायचं, आणि एकदा चाकं वर घ्यायची तर तीसचाळीस फेरे मारावे लागत.

सगळ्यात मोठा धोका या चाकांचाच. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलात तर ताशी शंभरएक किलोमीटरच्या वेगात पाणी ती चाकं धरून ठेवतं, नाक खाली जातं आणि विमान पालथं पडतं. उलट चूक, म्हणजे चाकं आत असताना धावपट्टीवर उतरणं, बहुतेक वेळा पोटाचा कणा खरवडण्यावर भागते. म्हणून असं विमान चालवणारे उतरण्याआधी मोठ्याने म्हणतात : ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर.’ आणि मग खिडकीतून वाकून चाकं डोळ्यांनी बघतात. जमिनीवरून उड्डाण करून पाण्याकडे निघालेला वैमानिकच यात जास्त सापडतो, कारण प्रवास छोटा असेल तर चाकं आत घ्यायची राहून जातात.

मग वारा. पाण्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा झेंडा नसतो. फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेत पडतात, आणि नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. ही दुसरी खूण मालवणच्या कोळ्याला सांगायला नको, आणि तिच्यातली गोमही : भरती-ओहोटीची ओढ जोरात असेल तर होडी वाऱ्याऐवजी ओढीकडे तोंड करते. म्हणून एकाच खुणेवर विसंबायचं नाही. उतरण्याआधी जागेवरून एक फेरी मारायची, वाहून आलेले ओंडके बघायचे. प्रवाळबेटाच्या आतल्या शांत पाण्यात रंगही वाचावा लागतो. फिकट हिरवं म्हणजे उथळ, तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळाचे गड्डे. पातळ पत्र्याच्या पोटाला एक गड्डा पुरतो.

पडद्यावर सर्वांत सुंदर दिसतं ते आरशासारखं निश्चल पाणी, आणि वैमानिकाला सर्वांत नकोसं असतं तेच. पृष्ठभागावर लहर नसली की डोळ्याला उंचीचा अंदाज येत नाही. कोणी पाणी दूर आहे समजून वेगात आदळतं, कोणी जवळ आहे समजून दहापंधरा फुटांवरच विमान ओढून धरतं आणि वरून पडतं. त्यावरची रीत ठरलेली आहे. किनाऱ्याला धरून यायचं, म्हणजे डोळ्याला आधार मिळतो. नाक किंचित वर ठेवायचं, इंजिनाचा थोडा जोर चालू ठेवायचा, मिनिटाला दीडशे फूट या संथ गतीने खाली येत राहायचं आणि पाणी लागेपर्यंत काहीही बदलायचं नाही. यात लांबच लांब पाणी खर्ची पडतं, म्हणून छोट्या खाडीत ही रीत कामाची नाही.

पाणी लागल्यावरही सगळं संपत नाही. पोटाच्या तळाला मध्यावर एक पायरी असते, जी पाण्याची चिकट पकड तोडते. वेग असेपर्यंत विमान त्या पायरीवर घसरत असतं. तेव्हा नाकाचा कोन चुकला तर ते डॉल्फिनसारखं उसळ्या मारू लागतं आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते. पुढेमागे हिसके देऊन ती शमत नाही, वाढते. कोन सावरून धरायचा, आणि तरीही थांबत नसेल तर पूर्ण जोर देऊन पुन्हा उडायचं. गूसचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारे लिव्हर, वैमानिकाच्या डोक्यावर, छताला असतात. मालिकेत जेकचा हात सारखा वर जातो तो त्यासाठी, आणि हे बारकावे तिथे नीट जपलेत. पाण्यात वळायचं तेही त्याच थ्रॉटलवर : डावीकडे जायचं तर उजव्या इंजिनाला जास्त जोर.

आता कॉर्कीच्या हद्दीत येऊ. गूसची दोन इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची ‘वॉस्प ज्युनियर’, प्रत्येकी ४५० अश्वशक्तीची, नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले. विमान उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल दाबलं जात नाही. त्यामुळे तसंच इंजिन चालू केलं तर आतला दांडा वाकतो, आणि तो कधीकधी त्या दिवशी न मोडता पुढच्या उड्डाणात मोडतो. म्हणून आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलरची काही पाती हाताने फिरवायची. मध्येच घट्ट अडलं तर जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं. सुरू होताना निघणारा पांढरट-निळा धूर हा उरलेल्या तेलाचा. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

आणि खार. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमचा पत्रा रंगाखालून कुजतो, रिव्हेटांच्या रांगेपासून सुरुवात होते. रोज गोड्या पाण्याने धुणं हा एकच उपाय, चाकांच्या खोबणीसकट. पंखाचा मागचा भाग कापडाने मढवलेला असतो, उष्ण कटिबंधातलं ऊन ते कापडही खातं. तळाला साचलेलं पाणी काढायला बुचं असतात. विमान किनाऱ्यावर चढवून ती उघडायची, आणि पाण्यात नेण्यापूर्वी मोजून परत लावायची. विसरलेल्या बुचाने धक्क्यालाच बुडालेली विमानं कमी नाहीत. हे काम मालिकेत जवळजवळ दिसत नाही, पण बोरागोरावर कॉर्कीचा अर्धा दिवस त्यातच गेला असता.

कालगणनेत मात्र लेखक घसरलेत. जेक म्हणे चीनमधल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ तुकडीतला माजी वैमानिक, पण ती तुकडी १९४१ मध्ये उभी राहिली. आणि १९३८ मध्ये गूस जेमतेम वर्षाचं होतं. इतकं कोरं, महागडं विमान एका कफल्लक माणसाकडे खिळखिळं होऊन पोचलं कसं? मालिका आवडते म्हणून हे झाकायला नको.

गूसचं आयुष्य मालिकेपेक्षा कितीतरी लांबलं. अलास्कात अकुतान या गावाला धावपट्टी नव्हती, तिथे २०१२ पर्यंत गूसच प्रवासी आणि टपाल नेत होतं. जवळच्या उनालास्का गावच्या धावपट्टीवरून चाकांवर उडायचं, चाकं आत घ्यायची, पाण्यावर उतरायचं, मग पाण्यातच चाकं खाली सोडून इंजिनाच्या जोरावर गावच्या उतारावर चढायचं.