मानकुराद न कापता जोखताना : इन्फ्रारेड मीटरचा माझा अनुभव

मानकुराद या गोव्यातल्या आंब्याचं नाव पोर्तुगीज ‘मालकोरादो’वरून आलं असं सांगतात, म्हणजे रंग नीट न धरलेला. साल बघून हा आंबा जून झाला की नाही हे ठरवणं त्यामुळे फसवं. खांदे वर आलेत का, देठाशी खळगा पडलाय का, एवढ्यावर काढणी सुरू होते. हंगामाच्या तोंडाला दर चढा असतो, तेव्हा कोवळी फळंही उतरतात आणि आढीत सुरकुततात. म्हणून डिचोलीच्या बागेत मी हातातलं इन्फ्रारेड मीटर लावून बघितलं.

गोडी थेट मोजायचा मोह मात्र आधीच सोडला. कच्च्या आंब्यात स्टार्च जास्त, साखर थोडी. रसाची गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला रसात विरघळलेलंच दिसतं, त्यामुळे जून कैरीही 7-8 ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) दाखवू शकते. पिकताना स्टार्चची साखर होते. फळातला शुष्क भाग, म्हणजे पाणी काढून उरतं ते, त्या मानाने फारसा हलत नाही. आंबा पिकल्यावर किती गोड होईल याचा अंदाज काढणीच्या दिवशी या शुष्क भागावरूनच बांधता येतो.

मीटर तो भाग थेट मोजत नाही. हॅलोजन दिव्याचा उजेड सालीतून साधारण सेंटीमीटरभर गरात शिरतो आणि परत येतो. 970 नॅनोमीटरच्या आसपास पाणी उजेड शोषतं, 910च्या जवळपास साखर-स्टार्च. हा आलेख आणि खरा शुष्क भाग यांची सांगड, म्हणजेच कॅलिब्रेशन, आपणच घालून द्यायची असते. दुसऱ्या जातीच्या आंब्यावरचं कॅलिब्रेशन मानकुरादला जसंच्या तसं चालत नाही.

त्यासाठी 12 झाडांची 120 फळं घेतली, कोवळी ते पूर्ण जून. फळाच्या दोन्ही गालांवर, देठ आणि टोकाच्या मधोमध, मार्करने वर्तुळ काढायचं आणि वर्तुळाच्या आत रीडिंग घ्यायचं. मग त्याच जागचा 10 मिलिमीटर जाडीचा काप, साल सोलून, वजन केलेल्या डबीत. ओव्हन 65 अंशांवर, 48 तास. पुन्हा दोन तास ठेवूनही वजन उतरलं नाही तरच वाळला म्हणायचं. वजनकाटा 0.01 ग्रॅमचा हवा. रिकामी डबी 12.40 ग्रॅम, ओल्या गरासह 20.40, वाळल्यावर 13.80, म्हणजे 8 ग्रॅममधले 1.40 उरले : 17.5 टक्के. काप जाड राहिला तर वरून कडक होतो आणि आत ओल अडकते; मग ओव्हनचाच आकडा खोटा, आणि मीटर तो खोटेपणा इमानदारीने शिकतं.

मॉडेलसाठी, म्हणजे आलेखावरून शुष्क भाग काढणाऱ्या गणितासाठी, 730 ते 975 नॅनोमीटरचाच पट्टा ठेवला. 680च्या आसपास सालीतलं हरितद्रव्य बोलतं. तो भाग आत राहिला तर मॉडेल सालीच्या रंगावर भरवसा टाकतं, आणि मानकुरादचा रंग तर बेभरवशाचाच. पडताळणीला दोन झाडं पूर्ण बाजूला ठेवायची. एकाच झाडाची फळं मॉडेल बांधायला आणि पडताळायला अशी दोन्हीकडे गेली की चूक उगाच कमी दिसते.

सर्वात जास्त छळलं तापमानाने. फळ गरम झालं की पाण्याचं शोषण सरकतं, त्यामुळे सकाळी आणि दुपारी एकाच फळाचे आकडे वेगळे. उपाय एकच : तीच फळं एसीच्या खोलीत, साध्या खोलीत आणि दुपारच्या उन्हात ठेवून तिन्ही रीडिंगं कॅलिब्रेशनमध्ये घालायची. देठाचा चीक सालीवर सुकलेला असला, दव असलं किंवा मीटरच्या तोंडाच्या काळ्या फोमच्या कडेने ऊन आत झिरपलं, तरी आकडा उडतो. मी फळ पुसून, सावली करून, जागा किंचित बदलत तीन वेळा मोजते. एका फळात फरक 1 टक्क्याहून जास्त आला तर ते पुन्हा पुसायला घेते. दर तासाला पांढऱ्या संदर्भ टाइलवर मीटर तपासायचं, आणि टाइलवर बोटाचा डागही नको.

बाठ्याजवळचा बिघाड किंवा फळमाशीची अळी या मीटरला दिसत नाही. त्यासाठी फळ कापावंच लागतं.

पुढच्या हंगामात जुनं मॉडेल आंधळेपणाने चालवू नये. दर आठवड्याला 10 फळं मोजून ओव्हनमध्ये घालते. मीटर सगळीकडे सारखंच कमी किंवा जास्त दाखवत असेल तर तेवढा फरक सरसकट वजा-अधिक करायचा. कोवळ्यात जास्त आणि जून फळात कमी दाखवू लागलं, तर मात्र नवी फळं घालून मॉडेल पुन्हा बांधायला बसते.