शंभर मीटर सपाट जागेसाठी सात आठवडे

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मला १०० मीटरला १५ पैकी १२ गुण पडले. आठशे मीटर आणि गोळाफेक जशी सगळ्यांची होते तशी झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शंभर मीटरचं मात्र सांगायचंय, कारण ते पळायला शिकण्यात जेवढा जीव गेला त्याच्या दुप्पट एका टेबलासमोर उभं राहण्यात गेला.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्याला लागून. खाली पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मधल्या उतारावर घरं आणि पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा. घराबाहेर पाऊल टाकलं की एकतर चढायचं, नाहीतर उतरायचं. सलग शंभर मीटर सपाट, कडक आणि मोकळी जागा आमच्याकडे कुणाला सापडलीच तर तो तिथे हापूसची कलमं लावतो.

मुलींना पैकीच्या पैकी गुणांसाठी १४ सेकंद लागतात, पुढे सेकंदासेकंदाला दोन-तीन गुण कमी. भावाने पहिल्यांदा मोबाइलवर वेळ लावली तेव्हा १६.३ आले. सुरुवातीचे दोन महिने मी पुळणीवरच पळाले. पी. टी. उषा पय्योलीच्या किनाऱ्यावर सराव करायची हे शाळेपासून ऐकलेलं, मग आपल्या दारात एवढा समुद्र असताना दुसरीकडे कशाला जायचं? मांड्या भरल्या, दम वाढला, आठशेला फायदाही झाला. पण शंभरचा आकडा जिथल्या तिथे. आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांना विचारलं तर म्हणाले, "तू दमायला पळतेयस. वेगाला कधी पळणार?"

मग त्यांनी समजावलं. पूर्ण वेगात पळताना पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो आणि उडतो. मऊ वाळूत तो रुततो, रेंगाळतो, आणि शरीराला तीच सवय लागते. वाळू ताकदीसाठी ठीक, वेगासाठी कडक जमीन हवी. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती. एकाच बाजूला पळत राहिलं की एक पाय कायम खाली पडतो. माझा डावा गुडघा दुखायचा तो यामुळेच. पुळणीवर पळायचंच असेल तर ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर पळा आणि जितकं जाल तितकं परत या. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे सकाळचा सराव आठवड्याभरात दुपारच्या उन्हात जातो. या भरतीसाठी त्या भरतीचं वेळापत्रक बघत बसायचं!

सड्यावरही पळून बघितलं. कातळ खडबडीत, पावसाळ्यानंतर बरेच दिवस शेवाळ, आणि चार दिवसांत नडग्या ठणकायला लागल्या. तेव्हा सर म्हणाले, क्रीडा संकुलाच्या मैदानाचा पास काढ.

संकुलाचं नाव लिहीत नाही, गाव तर नाहीच. आमच्याकडून एस.टी.ने दीड तास. नोव्हेंबरच्या मध्यावर पहिल्यांदा गेले. कार्यालयात फॉर्म नाही, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाच रुपयांना. फॉर्म भरून आत गेले. टेबलावरचे भाऊसाहेब गोंदाच्या बाटलीत बोट घालून एका कागदावर फोटो चिकटवत होते. फोटो नीट बसला की बोट टेबलाच्या कडेला पुसायचे. ती कड काळी, चकचकीत झाली होती. माझा फॉर्म बघून म्हणाले, "क्रीडा प्रकारात शंभर मीटर काय लिहिलंय? अ‍ॅथलेटिक्स लिहा." मी तिथेच खोडून लिहायला लागले तर, "खाडाखोड चालत नाही." पुन्हा पाच रुपये.

दुसऱ्या खेपेला शाळेचं नाव आणि इयत्ता हा रकाना निघाला. मी म्हटलं, माझं बी.ए. झालंय. "मग शाळेचा शिक्का कुठून आणणार?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला! तो फॉर्म शाळकरी मुलांसाठी छापलेला आणि मोठ्यांसाठी दुसरा फॉर्मच नव्हता. पालकांच्या सहीचीही जागा होती. मी बावीस वर्षांची, पोलिसात जायला निघालेली, आणि मैदानावर पळायला बाबांची सही. बाबा चिरेखाणीवर, म्हणजे लाल जांभा दगड कापतात त्या खाणीवर असतात, त्यांनी लाल हातानेच सही केली आणि कागदावर अंगठ्याचा ठसा आपोआप उमटला. तो मात्र भाऊसाहेबांना चालला.

शिक्क्याचा तिढा मुख्याध्यापकांनी सोडवला, "माजी विद्यार्थिनी" असं पत्र देऊन. तिसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्यातला फिटनेसचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, सगळं घेऊन गेले. साहेब मीटिंगला. "बुधवारी या." बुधवारी संकुल भाड्याने दिलेलं, मैदानात मंडप, कार्यालयाला कुलूप. पाचव्या खेपेला कळलं की फाइलमधून माझा एक फोटो गळून पडलाय. फोटोमागे मी नाव पेन्सिलीने लिहिलं होतं, ते पुसलं गेलं, म्हणून तो ड्रॉवरमधल्या बेवारशी फोटोंत जाऊन पडला. भाऊसाहेबांनी ड्रॉवर उघडून सगळे फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाले, "बघा तुमचा कुठला ते." चाळीस-पन्नास पोरं-पोरी माझ्याकडे बघत होती. त्यांचेही पास अडकलेलेच असणार.

त्या दिवशी मी जरा आवाज चढवला, खोटं कशाला बोलू. उपयोग शून्य. उपयोग झाला तो शिपाईमामांचा. ते हळूच म्हणाले, "ताई, पोच घेतली का?" अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा असतो, हे मला पाच खेपांत कुणी सांगितलं नव्हतं. तो शिक्का पडल्यावर आठवड्याने पास मिळाला. सात आठवडे! पहिल्याच दिवशी पोच मागा, दुसरं काही विसरलात तरी चालेल.

त्या सात आठवड्यांत मी बसून नव्हते. बाबांच्या ओळखीच्या एका बंद चिरेखाणीचा तळ सपाट कापलेला होता, तिथे चाळीसेक मीटर मिळायचे. वेगाचा खरा पाया तिथेच घातला गेला असं आता वाटतं. वीस-तीस मीटरच्या धावा, आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस पूर्ण सुट्टी. दर दहा मीटरमागे मिनिटभर विश्रांती, म्हणजे तीस मीटर पळालं की तीन मिनिटं गप्प उभं राहायचं. धाप लागलेली असताना पळाल तर वेग वाढत नाही, दमसास वाढतो. सोबत यायची ती आजी चिऱ्यावर बसून विचारायची, "अगो, पळायला आलीस की उभं राहायला?"

पहिली दहा-पंधरा पावलं अंग पुढे झुकलेलं, नजर खाली, पाय मागे जोरात ढकलायचे. मी दुसऱ्याच पावलाला ताठ व्हायचे, त्यात सगळं जायचं. पुढे अंग हळूहळू सरळ होतं. पाऊल कमरेखाली पडायला हवं. लांब ढांग टाकायच्या नादात ते पुढे पडलं की ब्रेक लागतो. खांदे आणि जबडा सैल. हे शेवटचं सर्वांत अवघड, मी दात आवळूनच पळायचे.

पास मिळाला तरी मैदान मिळालं नव्हतं. वेळ सकाळी सहा ते आठ, किल्लीवाला साडेसातला. एक आठवडा टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत गेला. शेवटी एकदाची चुन्याने आखलेल्या शंभर मीटरच्या रेषेवर उभी राहिले, पळाले, आणि भावाने मोबाइल दाखवला: १४.३. घरी जाताना आम्ही दोघांनी वडापाव खाल्ले, आईला फोन केला.

दोन दिवसांनी मला काय वाटलं कोण जाणे, खाणीवरचा तीस मीटरचा फीता सोबत नेला. तीन फीते आणि वर चार मीटर. चौऱ्याण्णव! पुन्हा मोजलं, तेवढंच. कार्यालयात जाऊन सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "तक्रार अर्ज द्या." मी दिला नाही. बाबांनी दिलेला अर्धा चिरा सुरुवातीच्या रेषेच्या सहा मीटर मागे ठेवला आणि तिथून पळाले. १५.१ आले. त्यातही हाताने लावलेली वेळ यंत्रापेक्षा कमीच दिसते, शंभर मीटरला साधारण ०.२४ सेकंद मिळवून बघायची पद्धत आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, आणि इथे माझ्या भावाचा अंगठाच पाव सेकंद खायचा. मुलींनो, मुलांनो, मैदान कुणाचंही असो, आधी स्वतः मोजा.

पुढचे दोन महिने त्या चिऱ्यापासूनच पळाले. वीस मीटर वेग घेऊन पुढचे वीस मीटर पूर्ण ताकदीने, असं चार-पाच वेळा. रेषेवर थांबायचं नाही, ती एकशे दहाला आहे असं समजून पळायचं. मी शेवटच्या पाच मीटरला ढिली पडायचे. घरी गुडघ्यावर बसून, भावाने घोटे धरून, पुढे हळूहळू झुकायचं, मांडीच्या मागच्या स्नायूसाठी. पहिल्या दिवशी तोंडावर आपटले. पण तो स्नायू एकदाही धरला नाही, माझ्याबरोबरच्या दोघींचा धरला.

भरतीच्या दिवशी १४.६. लेखी व्हायचीय अजून.

आता भावाला पास काढायचाय. त्याच्यासाठी फाइल लावून ठेवलीय: दाखला, आधार, मुख्याध्यापकांचं पत्र, फॉर्मच्या तीन कोऱ्या प्रती, अर्ज दोन प्रतींत. फोटोंच्या मागे नाव बॉलपेनने लिहिलंय. किल्लीवाल्या मामांचा नंबरही आत चिकटवलाय, कारण ते अजूनही साडेसातलाच येतात.