दूधवाल्याच्या पानावर

आईच्या कपाटात, साड्यांच्या तिसऱ्या थराखाली, एलआयसीची २०१४ सालची डायरी असते. डायरीतलं साल केव्हाच सरलं, पण आमच्या सांगलीच्या घराचा सगळा डिजिटल कारभार अजून तिच्यावरच चालतो. नेटबँकिंग, वीजबिल, गॅसचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, झाडून सगळे पासवर्ड तिच्यात. बाहेरच्याच्या हाती लागली तर त्याला वाटेल, कुणा हिशेबी बाईचा घरखर्च आहे. बँक 'दूधवाला' या पानावर आहे, ईमेल 'इस्त्रीवाला' आणि रेल्वे 'पेपरवाला'. दूधवाल्याच्या पानावर एकाखाली एक लिटर आणि रुपये मांडलेत. त्यातली एकच ओळ खरी. कुठली, ते तिनं मला एकदाच सांगितलं. घरात आम्ही दोघीच होतो, तरी आवाज खाली करून.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिथे दरवर्षी सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं आणि त्यात एक चित्र हमखास येतं: कॉम्प्युटरच्या पडद्याला पिवळा चिटोरा चिकटवलेला, त्यावर पासवर्ड लिहिलेला आणि वर लाल फुली. पासवर्ड कागदावर लिहिणं म्हणजे महापाप. दरवर्षी ते चित्र आलं की मला साड्यांखालची डायरी आठवते आणि मी चोरासारखी 'पुढे' दाबते.

आईची बँक दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावते. एक अक्षर मोठं हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि जुना चालायचा नाही. आईनं गणपतीला हाताशी धरलं. गणपती १, गणपती २ असं करत तीन वर्षांत बाप्पा बारावर पोचले. चोराला एखादा जुना गणपती सापडला, तर पुढचा ओळखायला त्याला असा कितीसा वेळ लागणार? हा छळ जगभर पसरला तो २००३ साली अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं काढलेल्या एका मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर निवृत्त झाले आणि २०१७ साली त्यांनीच सांगून टाकलं, की तेव्हा जे केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टनंही लिहिलं, की मुदती घालून लोकांना उगाच पासवर्ड बदलायला लावू नका. ही बातमी आईच्या बँकेपर्यंत अजून पोचायची आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "निवृत्त झाल्यावरच सुचतं गं सगळ्यांना." ती स्वतः शाळेतून निवृत्त झालेली आहे, त्यामुळे या विषयात तिला अधिकार आहे.

आता कागदावर लिहिण्याचं. कंपन्यांनीसुद्धा आपला पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नसतो. त्याचं पीठ करून ठेवायचं, म्हणजे डबा चोरीला गेला तरी पिठावरून दाणा ओळखता येत नाही. मार्च २०१९ मध्ये फेसबुकला कबूल करावं लागलं, की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्या आतल्या यंत्रणेत सरळ वाचता येतील असे पडून होते. पीठ नव्हे, अख्खे दाणे. गैरवापर झाल्याचं आढळलेलं नाही, असं कंपनी म्हणाली. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगानं २०२४ साली त्याबद्दल ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. थोडक्यात, त्यांच्याकडेही एक डायरी होती. फक्त त्यांना दूधवाला सुचला नाही.

तरी मी आईला सुधारायला गेलेच. गेल्या मे महिन्यात चार दिवस घरी होते. पहिलाच धडा ओटीपीचा: "आई, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही." तिनं मान डोलावली. तेवढ्यात खाली सिलिंडर दणकन आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक, "काकू, कोड सांगा!" आई चष्मा शोधून, मेसेज उघडून, गॅलरीतून चार आकडे ठणठणीत आवाजात ओरडली. समोरच्या इमारतीलाही कळले. अकराच्या सुमाराला कुरिअरचा पोरगा आला. "आजी, ओटीपी." आजी म्हटल्याचा राग आला, तरी दिला. संध्याकाळी बाहेर जायला रिक्षा मागवली, तर रिक्षावाल्यालाही चार आकडे. परत येऊन आई म्हणाली, "कुणालाही सांगायचा नाही म्हणालीस. सकाळपासून तीन परपुरुषांना सांगून झाला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैशाचा ओटीपी वेगळा आणि पार्सलचा वेगळा, हे मला कळतं कारण मी त्यातच काम करते. पण दोन्ही एकाच फोनवर, एकाच आवाजात टुंग करून येतात. एका हातानं 'सांगू नका' म्हणायचं आणि दुसरा हात ओटीपीसाठी पुढे करायचा, हे आपण सगळ्यांनी मिळून रूढ केलंय. त्यात नेमकं कुणी फसलं की म्हणायचं, म्हातारी माणसं भोळी असतात.

आईला तो फोन आलाच. केवायसी संपलंय, आज संध्याकाळपर्यंत खातं बंद होईल, असं कुणीतरी हिंदीतून दामटून सांगत होता. आई म्हणाली, "रुको, वही देखके बताती हूँ." मग फोन टेबलावर ठेवला. डायरी काढायची म्हणजे कपाटाची किल्ली हवी, किल्ली देवघरात, देवघरात गेलं तर निरांजन विझत आलेलं, त्यात तेल घातलं. तेवढ्यात भाजीवाली आली. पाऊण तासानं आईला फोन आठवला. तो केव्हाच कंटाळून गेला होता.

ही गोष्ट ती विनोद म्हणून सांगते. मला मात्र त्या दिवसापासून डायरीकडे बघायची दृष्टीच बदलावी लागली. फसवणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे घाई. आत्ता, लगेच, फोन ठेवू नका. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवरच अटक करणारे 'डिजिटल अरेस्ट'वाले तर माणसाला दिवसच्या दिवस व्हिडिओसमोरून हलू देत नाहीत, कारण हलला की तो शेजाऱ्याशी बोलेल आणि बोलला की भानावर येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये यावरच सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा. आई पहिली पायरी आपोआप पाळते, कारण तिचा चष्मा कधीच जागेवर नसतो.

आणि ही घाई एकट्या चोरांनी आणलेली नाही. प्रत्येक ॲपची जाहिरात एका टॅपची असते. ऑनलाइन कार्ड वापरताना दुसरी खातरजमा हवीच, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये केला, तेव्हा हे मध्येच अडखळणं अनेकांना खुपलं. उबर भारतात आली तेव्हा तिच्या गाडीतून उतरलं की पैसे आपोआप कापले जायचे, ना पिन ना ओटीपी, कारण व्यवहार परदेशातून फिरवून आणलेला असायचा. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ते बंद करायला लावलं. मला तेव्हा रिझर्व्ह बँकेचा राग आला होता. किती मागासलेले लोक, असं म्हटल्याचंही आठवतंय. आता त्या एका अडखळण्यात किती जणांची पेन्शन वाचली असेल, असं वाटतं.

मोबाइल नंबर मागणाऱ्या दुकानांचा बंदोबस्त आईनं स्वतःच केलाय. रुमालाची जोडी घ्या, काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणते, "नंबर?" नंबर दिल्याशिवाय बिल नाही अशी सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. मी हे ऐकवून वाद घालते, मागची रांग उसासे टाकते आणि शेवटी मीच ओशाळून नंबर देते. आई वाद घालत नाही. ती आमच्या बंद झालेल्या लँडलाइनचा नंबर देते. सांगलीचा २३३ धरून बरोबर दहा आकडे होतात. सणासुदीच्या सवलतींचे शेकडो मेसेज त्या मेलेल्या तारेत जाऊन पडत असतील.

तर सुधारणा. मी तिच्या फोनमध्ये पासवर्ड मॅनेजर टाकून दिला. सगळे पासवर्ड कुलपात आणि त्या कुलपाचा एकच मोठा पासवर्ड. समजावून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "आणि तो मोठा कुठे लिहू?" ती आता दोन्ही वापरते, म्हणजे डायरी वापरते. एकच गणपती तीन ठिकाणी बसवायची तिची सवय मात्र वाईट, ती मोडायला मला अजून जमलेलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी फोन बदलला आणि माझा जुना ईमेल उघडेना. ओळख पटवायला त्यानं विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय? हे म्हणे गुपित! आमच्याकडे मामाचं आडनाव लग्नपत्रिकेत छापून पाचशे घरी वाटतात. ते मी इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं, तिन्ही चुकलं, खातं बंद. मग आठवलं, दिवाळीत तिकिटं छापायला घरच्या कॉम्प्युटरवर हा ईमेल उघडला होता, तेव्हा आईनं पासवर्ड टिपून घेतला होता.

रात्री दहाला फोन लावला. "आई, माझा पासवर्ड आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. भंगारवाल्याच्या पानावर."

"सांग पटकन."

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "पटकन कशाला? हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात म्हणे. बारावीच्या निकालादिवशी तू कुठे लपली होतीस?"

"आई, अगं..."

"कुठे?"

"माळ्यावर. गाद्यांच्या मागे."

"आणखी कोण होतं?"

"मांजर. आणि तिची पिल्लं."

"किती?"

"चार."

"हं," ती म्हणाली. "थांब, चष्मा आणते."