चार न झालेल्या बैठका आणि गटाचं पहिलं कर्ज

कर्ज मिळून वर्ष होत आलं, तरी बँकेच्या त्या शाखेतला बाक आठवला की माझं डोकं तापतं. डिसेंबर ते एप्रिल पाच फेऱ्या झाल्या. एका फेरीला चौदा किलोमीटर, आणि सोबत येणाऱ्या दोघींची कापूस वेचणीची मजुरी बुडायची ती वेगळी.

यवतमाळ जिल्ह्यातला आमचा अकरा बायांचा बचत गट, सरकारच्या ग्रामीण बायांसाठीच्या उमेद अभियानातला. मी अध्यक्ष. गट मे महिन्यात झाला, खातं ऑगस्टमध्ये उघडलं. गटाचे पाच नियम, म्हणजे पंचसूत्री, सीआरपी ताईंनी (अभियानातर्फे गटांना शिकवणाऱ्या) पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाठ झाली, पण आमची झाली नव्हती. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला आलं, वरून पाऊस घिरट्या घालत होता. चार आठवडे एकही बैठक झाली नाही. बचत मात्र थांबू दिली नाही. महिनाअखेर मी घरोघरी फिरून गोळा केली आणि एका दिवशी बँकेत भरली.

नोव्हेंबरात बैठकांची वही उघडली, ऑक्टोबरची चार पानं कोरी होती, तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "टाक नं वो भरून. चार पानं तं आहेत. कोन पाह्यते?" सात जणींनी माना डोलावल्या.

माझे बाबा सरकारच्या एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाच्या वजनकाट्यावर होते. वजनात हातचलाखी त्यांनी कधी केली नाही, त्यापायी नातेवाईक तुटले. मी त्यांची लेक. खोटी सही मी करणार नाही म्हणून ताडकन उठले. दोघी रागानं घरी गेल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. वही खरी ठेवायची हे माझ्या घरचं वळण होतं, गटाचं अजून झालं नव्हतं, आणि मी ते आवाज चढवून लादत होते.

पुढच्या बैठकीत हात वर करून मत घेतलं नाही. गडचिरोलीच्या मेंढा गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं होतात, हे ताईंकडून ऐकलं होतं. मी प्रत्येकीला एकच विचारलं, घरात कितीही अडचण आली तरी कोणती गोष्ट तुम्ही करणार नाही? एक काकू म्हणाल्या, उधारी बुडवणार नाही. दुसरी म्हणाली, इथलं बोलणं बाहेर नेणार नाही. वहिनींची पाळी आली तेव्हा त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीची शाळा सुटू देनार नाई. फायनान्सवाला दर हप्त्याले दारात उभा रायते. मले कर्ज लवकर पाह्यजे होतं, म्हनून बोलली."

त्यांना वही खोटी करायची हौस नव्हती. आम्ही त्याच दिवशी गटाच्या बचतीतून त्यांना तीन हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. पाळी दुसरीची होती, तिनं आपणहून सोडली. मग चारही पानांवर लिहिलं: 'सोंगणीमुळे बैठक झाली नाही.' खाली अकरा जणींच्या सह्या, दोन अंगठे त्यातच.

आता बँक. पहिल्या फेरीत साहेब म्हणाले, खात्याला सहा महिने झाले नाहीत, फेब्रुवारीत या. आम्ही गुपचूप परतलो, ही माझी चूक. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत सहा महिने गटाच्या वहीप्रमाणे धरायचे आहेत, खातं उघडल्या तारखेपासून नाही. हे आधीच माहीत असतं तर दोन महिने वाचले असते. तुम्ही गेलात तर तिथेच सांगा, नम्रपणे पण उभं राहून.

फेब्रुवारीत तेच साहेब वही चाळून म्हणाले, "मधे चार बैठका नाहीत. बाकी गटांच्या वह्या पाहा, एक खाडा नाही." वहिनी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मला वाटलं, आता या मला बोल लावतील. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त वही उचलून पदरानं पुसली. तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. चौथ्या फेरीला मार्च एंडिंग. दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवलं आणि एप्रिलमध्ये या म्हणून सांगितलं. बाहेर वडाच्या झाडाखाली डबा उघडला, पण एकीलाही घास गेला नाही. 'आपन येडेच ठरलो का वो?' असं एकीनं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एप्रिलमध्ये साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी वहीशेजारी पासबुक ठेवलं आणि ऑक्टोबरच्या नोंदीवर पेन्सिल टेकवली. चार आठवड्यांची बचत एकाच तारखेला. "बैठका झाल्या नाहीत असं लिहिलंय, तेच इथे दिसतंय," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. त्या चार बैठका आम्ही भरल्या असत्या, तर वहीत दर आठवड्याची वसुली आणि पासबुकात मात्र सगळी रक्कम एकाच तारखेला, हे तिथेच उघडं पडलं असतं. कर्ज दीड लाखाचं मंजूर झालं. वहिनींनी बाहेर येऊन माझा हात धरला तो बसस्टँडपर्यंत सोडला नाही.

एक सांगायचं राहिलं. कर्जाच्या ठरावाची झेरॉक्स दोन प्रतींत ठेवा, आमची एक प्रत शाखेतच हरवली होती. आणि सोंगणीच्या दिवसांत बैठक रात्री आठला घ्या. यंदा आम्ही मारुतीच्या पारावर बिछायत टाकून घेतली, चारही आठवडे. वहिनी मुलीला घेऊन आल्या होत्या, हजेरी तिनंच लिहिली.